मोबाईलमधल्या तुकड्यापासून पुऱ्या गाण्यापर्यंत: गोव्यातल्या नव्या रॉक बँडसाठी

फोंड्यात, म्हापशात, मडगावात कॉलेजातली नवी मुलं दरवर्षी बँड करतात. आधी दुसऱ्यांची गाणी वाजवतात, मग स्वतःचं एखादं गाणं होतं, आणि ते झालं की लगेच स्टुडिओ बुक करायची घाई सुटते. स्टुडिओ तासावर पैसे घेतो. तिथे उभं राहिल्यावर कळतं की ध्रुवपद शेवटी किती वेळा घ्यायचं तेच ठरलेलं नाही, ड्रमर आणि बेसवाला वेगवेगळ्या जागी थांबतायत, आणि गाण्याची पट्टी गाणाऱ्याला झेपत नाही. मग जे हाती लागतं ते ऐकून सगळे एकच वाक्य म्हणतात: "मोबाईलवर बरं वाटत होतं."

बहुतेक वेळा ते खरंच बरं असतं. मोबाईलवरच्या त्या कच्च्या तुकड्यात काहीतरी जिवंत असतं आणि पुढच्या धावपळीत ते हातून जातं. ते जाऊ नये म्हणून हा लेख आहे. आमच्यासारख्यांचं गाणं डेमोत, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, आणि तालमीत घडतं, स्टुडिओत ते फक्त नीट टिपायचं असतं. मोठ्या बँडांकडे स्टुडिओतच आठवडेच्या आठवडे बसायला पैसा होता, आपल्याकडे नाही. म्हणून घडवायचं काम आधी, घरी, फुकटात उरकायचं.

तुकडा सापडला की लगेच पकडा

गाणं क्वचितच अख्खं येतं. दोन कॉर्ड, चार शब्द, नाहीतर नुसता एक रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा छोटा तुकडा. तो त्याच क्षणी मोबाईलमध्ये घ्या. "उद्या आठवेल" म्हणून सोडलं तर सूर आठवतात, पण तेव्हाची लय आणि तिचा झोक आठवत नाही, आणि रॉकमध्ये निम्मं गाणं त्या झोकातच असतं.

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'चा रिफ रात्री अर्धवट झोपेत, उशाशी ठेवलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर वाजवला आणि तो परत झोपला. टेपवर आधी गिटार आणि पुढे नुसतं घोरणं होतं, असं त्यानेच सांगितलंय. ही गोष्ट सगळे सांगतात, पण नवख्यांनी लक्षात ठेवावं ते तिच्या पुढचं. मे १९६५ मध्ये त्यांनी ते गाणं आधी शिकागोच्या चेस स्टुडिओत अकूस्टिक गिटार आणि हार्मोनिका घेऊन रेकॉर्ड केलं. जमलं नाही. दोनच दिवसांनी हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत रिचर्ड्सने फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल) लावून तोच रिफ पुन्हा वाजवला. त्याच्या लेखी ती गिटार तात्पुरती होती, पुढे तिच्या जागी ट्रम्पेट-सॅक्सोफोन यायचे होते. बाकीच्यांना ती तशीच आवडली आणि तशीच राहिली. रिफ तोच, सूर तेच. गाणं उभं राहिलं ते आवाजाचा पोत बदलल्यावर.

रेकॉर्ड करताना एक सवय लावून घ्या. वाजवण्याआधी मोबाईलला तोंडाने सांगा: ट्यूनिंग कुठलं, कॅपो (तारा दाबून पट्टी वर नेणारी पकड) कितव्या फ्रेटवर, आणि एक-दोन-तीन-चार मोजून सुरू करा. सहा महिन्यांनी ती फाईल उघडाल तेव्हा हीच माहिती कामाला येते. फाईलला नावही द्या. 'न्यू रेकॉर्डिंग ४७' या नावाखाली किती चांगले रिफ गाडले गेलेत याची गणती नाही.

पहिला डेमो: एक गिटार, एक आवाज

एक कडवं आणि ध्रुवपद जमलं की गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात रेकॉर्ड करा. अडखळलात तरी थांबू नका. शब्द सुचले नसतील तिथे "ला ला" म्हणा. लॅपटॉपवर तयार ड्रम लावायचा मोह होईल, तो आवरा. ड्रम लागला की कुठलीही चाल दमदार वाटते, आणि चाल मुळात उभी आहे की नाही हे कळेनासं होतं.

दुसऱ्या दिवशी ऐका, शक्यतो चालताना. कंटाळा नेमका कुठे येतो तिथली वेळ लिहून ठेवा. कुठली ओळ न ठरवता तोंडात आली तीही लिहा. पुढे कधीही गाणं भरकटलं तर हा कागद उपयोगी पडतो.

डेमोची किंमत किती असू शकते ते अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या एका कॅसेटवरून कळतं. जानेवारी १९८२ मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या घरी, टीॲक कंपनीच्या चार ट्रॅकच्या (चार आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या) कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने गाणी रेकॉर्ड केली. बँडला चाली ऐकवाव्यात एवढाच हेतू होता. मग तीच गाणी स्टुडिओत पूर्ण बँडसोबत वाजवून पाहिली, तर त्यांतला एकटेपणा निघून गेला. शेवटी ती कॅसेटच मास्टर करून सप्टेंबर १९८२ मध्ये 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. पण त्याच कॅसेटवर 'बॉर्न इन द यूएसए' हे गाणंही होतं. तिथे ते उदास आणि ओकंबोकं होतं. बँडच्या हातात गेल्यावर त्याला तो प्रचंड ड्रम आणि सिंथसायझर मिळाला, आणि १९८४ मध्ये ते ज्या रूपात आलं ते सगळ्या जगाने ऐकलं. माणूस एक, कॅसेट एक. तरी काही गाण्यांना तसंच ठेवावं लागलं आणि एकाला वाढवावं लागलं. तुमच्या प्रत्येक गाण्याला हा प्रश्न वेगळा विचारायचा: याला बँड हवा आहे का?

आणि साधनं कमी आहेत म्हणून रडायचं कारण गोव्यात तरी कोणाला नाही. १९८० च्या दशकात गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर 'गोवन क्रेझी' हा अल्बम केला. वाद्यंही स्वतःच वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून विकल्या. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या कितीतरी पट ट्रॅक आहेत.

मांडणी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चाल आणि शब्द म्हणजे गाणं नव्हे, हे गोवेकरांना वेगळं सांगायला नको. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या काळात चाल संगीतकाराची असायची आणि कुठलं वाद्य कुठे काय वाजवील ते कागदावर उतरवणारे अरेंजर बहुतांशी गोव्याचे असायचे. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी केलेलं काम घ्या, किंवा माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं. रॉक बँडमध्ये कागद नसतो. चौघंजण एका खोलीत उभे राहून तेच काम करतात, पण काम तेच आहे.

पहिल्या तालमीत वाद्यं पिशवीतून काढूच नका. सगळ्यांनी मिळून डेमो ऐका. मग ज्याने गाणं आणलं त्याने एकच गोष्ट सांगावी: यातलं काय बदललं तर त्याला दुःख होईल. बाकी सगळं खुलं.

आधी लय ठरवा. तेच गाणं तीन वेगांत वाजवा: डेमोच्या वेगात, त्याहून सावकाश, त्याहून जलद. खोलीच्या मधोमध मोबाईल ठेवून तिन्ही रेकॉर्ड करा आणि निर्णय त्या दिवशी घेऊ नका. वाजवताना जलद नेहमीच छान वाटतं, कारण अंगात जोर असतो. दुसऱ्या दिवशी घरी बसून ऐकल्यावर बहुतेकदा मधलाच वेग बरोबर निघतो.

मग पट्टी. गिटारवाले गाणं ई किंवा ए मध्ये बांधतात, कारण मोकळ्या तारा तिथे छान वाजतात. गाणाऱ्याच्या गळ्याचा विचार नंतर होतो. तपासायची सोपी रीत: तासभर तालीम झाल्यावर ध्रुवपद लागोपाठ तीनदा गायला लावा. तिसऱ्या वेळी आवाज फाटला तर गिटार अर्धा स्वर खाली उतरवा. पण फार खालीही नेऊ नका. रॉकच्या ध्रुवपदात थोडा ताण लागतो. गळा आरामात असेल तर ऐकणाराही आरामात बसतो.

ठेका बदलल्याने गाणं कुठल्या कुठे जातं ते पाहायचं असेल तर 'सिम्पथी फॉर द डेव्हिल'ची घडण पाहा. जून १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत स्टोन्स ते बसवत होते आणि फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार त्याचं चित्रीकरण करत होता. सुरुवातीला गाणं संथ आहे, गिटारवरच्या लोकगीतासारखं. ते काही केल्या उठत नाही. हळूहळू खालचा ठेका सांबाचा होतो, काँगा येतात, आणि शब्द तेच असून गाणं भीतीदायक बनतं. आणखी एक बारकावा: रेकॉर्डिंगवर बेस वाजवलाय गिटारिस्ट रिचर्ड्सने, आणि बेसवादक बिल वायमन शेकर वाजवतोय. गाण्याला जे हवं ते ज्याच्या हातून निघेल त्याने करावं, मानापमान बाजूला ठेवून.

ठेक्यांच्या बाबतीत आपण तर श्रीमंत आहोत. शिगम्याच्या रोमटातला (मिरवणुकीतला) ढोल-ताशा आहे, घुमट आरतीतली घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं आणि कासाळे, म्हणजे झांजा, आहेत. जरूर वापरा, पण सुरुवातीला चार मात्रा घुमट वाजवून पुढे त्याचं नाव नाही, असं करू नका. ती सजावट होते आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. त्यापेक्षा ड्रमरने जाणत्या घुमटवाल्याजवळ बसावं, तो ठेका हातात मुरवावा आणि फ्लोअर टॉमवर (ड्रम सेटमधल्या जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर) उतरवावा. मग घुमट प्रत्यक्ष नसलं तरी त्याची चाल गाण्याच्या पायात राहते.

आता शब्द. मराठीत रॉक करणाऱ्याला इथे खरी मेहनत आहे. आमच्या बँडच्या एका गाण्याचं उदाहरण देतो. गाणं शेवटची फेरीबोट चुकलेल्या माणसाचं. डेमोत ध्रुवपद असं होतं:

शेवटच्या फेरीबोटीची वाट बघत
धक्क्यावर मी एकटाच उभा आहे

एका गिटारवर, हळू आवाजात, हे चांगलं लागत होतं. ड्रम आणि दोन गिटार आल्याबरोबर ते बुडालं. कारण शोधायला ओळ ताल मोजत म्हणून पाहिली. पहिल्या ओळीत इतकी अक्षरं दाटलेली की गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. "फेरीबोटीची" म्हणेपर्यंत स्नेअरचा (ड्रम सेटमधल्या खणखणीत लहान ड्रमचा) ठोका दोनदा पडून जातो. दुसरी ओळ "आहे"वर संपते. मराठीत बोलताना आपण "आहे" खाली सोडतो, जवळजवळ गिळतोच. सगळ्यात वरच्या सुरावर तो शब्द ठेवला तर जोर निघून जातो. बदलत बदलत ओळी अशा झाल्या:

गेली शेवटची फेरी
धक्का रिकामा

"रिकामा"चा "मा" तोंड उघडून कितीही लांबवता येतो, आणि तोच आता वरच्या सुरावर आहे. "गेली" पहिल्याच ठोक्यावर पडतो आणि बातमी देऊन मोकळा होतो. "मी एकटाच" काढून टाकलं, कारण रिकाम्या धक्क्यावरून ते कळतंच. तुमच्या ओळीही अशाच तपासा: टाळी देत म्हणा, श्वास कुठे घेता ते पाहा, आणि सगळ्यात उंच सुरावर कुठला स्वर येतो ते पाहा. आ आणि ओ गळ्याला मोकळे. ई वर ताणला की आवाज बारीक होतो.

राहिला आराखडा. सुरुवातीचा वाद्यांचा भाग जितका लांब आहे त्याच्या निम्मा करून बघा. दुसऱ्या कडव्यात काहीतरी काढून घ्या, एक गिटार किंवा किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), म्हणजे ध्रुवपद परत आलं की ते मोठं वाटेल. सोलो हवाच असा नियम नाही. तो गाण्याला पुढे नेत असेल तर ठेवा, गिटारिस्टला वाईट वाटेल म्हणून ठेवू नका. हे भांडण तालमीतच होऊ द्या, ते स्टुडिओतल्या भांडणापेक्षा स्वस्त पडतं.

तालमीच्या जागेबद्दल एक सूचना. रात्री दहानंतर आवाज करायला कायद्याने बंदी आहे, आणि गावात शेजाऱ्यांशी गोडीने राहायचं तर संध्याकाळी आठलाच थांबावं. वार्षिक परीक्षांच्या दिवसांत तर आधी जाऊन विचारून यावं.

दुसरा डेमो

मांडणी ठरली की घरीच पूर्ण बँडचा डेमो करा. दोन चॅनेलचा साधा इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) आणि लॅपटॉप पुरे. गिटार आणि बेस सरळ इंटरफेसमध्ये, ड्रमसमोर एक माइक किंवा ड्रम सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला. आवाज चांगला यावा ही अपेक्षाच नाही. आपल्याला लांबी, वेग आणि जोडण्या तपासायच्या आहेत.

क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वेग मोजून देणारी टकटक, लावून वाजवायची सवय याच वेळी करा. काही गाण्यांना एकच वेग मानवत नाही, ध्रुवपदाला दोन-तीन बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) वर गेलेलं बरं वाटतं. तसं असेल तर क्लिकच तसा बांधा. शेवटी एका कागदावर लिहून काढा: वेग, पट्टी, ट्यूनिंग, किती मात्रांचा इंट्रो, कुठे कोण थांबतं, शेवट कसा. हा कागद चौघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. मग गाणं काही दिवस बाजूला ठेवा आणि ऐकू नका.

रेकॉर्डिंग

सगळ्यांनी एकत्र वाजवावं की एकेकाने? नवख्या बँडला माझा सल्ला असा: गिटारिस्टने साधी गिटार आणि गाणाऱ्याने साधा आवाज क्लिकवर आधी टाकून ठेवावा, म्हणजे गाईड ट्रॅक. त्यावर ड्रम आणि बेस एकत्र रेकॉर्ड करावेत, शक्यतो एकमेकांना दिसतील असे बसून. बाकी सगळं त्यावर एकेक करून चढवायचं. ड्रम-बेस वेगवेगळ्या दिवशी घेतले तर दोघंही बरोबर वाजवतात आणि तरी एकत्र लागत नाहीत.

आता आपल्या हवेबद्दल, कारण हे बाहेरचे लेख सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर येतात आणि सूर सरकतो. कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा नाजूक माइक) दमटपणाने करकरतो. माइक आणि पेडल सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने तारा गंजतात, तेव्हा नव्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी लावा आणि ताणून स्थिर होऊ द्या. कौलारू घरात पावसाचा आवाज माइकमध्ये येणारच. मोठ्या आवाजाची वाद्यं पाऊस चालू असताना घ्या आणि गाणं उघडीप मिळेल तेव्हा. रात्री बेडूक आणि रातकिडे असतात, म्हणून आवाजासाठी दुपार बरी. दर टेकनंतर (एकदा वाजवून केलेल्या रेकॉर्डिंगनंतर) फाईल सेव्ह करा, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. जुन्या घरात अर्थिंग नीट नसेल तर गिटारमधून सतत गुणगुण येते. वायरमनला दाखवून ते आधी ठीक करून घ्या, नुसता आवाजाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

ड्रम सगळ्यात अवघड, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ड्रमवर आठ-दहा माइक लावायची ऐपत बहुतेकांची नसते, आणि गरजही नसते. इंग्लिश साउंड इंजिनियर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत चार माइकमध्ये काम भागवते. एक माइक स्नेअरच्या बरोबर वर, साधारण तीन-साडेतीन फुटांवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, त्याच्या थोडा वर, हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) तोंड करून. तिसरा किकसमोर, चौथा स्नेअरजवळ. सगळं यश पहिल्या दोघांच्या अंतरात आहे: दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. मोजायची टेप नसली तर सुतळी घ्या. तिचं एक टोक स्नेअरच्या मधोमध दाबून धरा, दुसरं वरच्या माइकपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा, आणि तीच सुतळी फिरवून दुसरा माइक गाठीला आणून टेकवा. अंतर चुकलं की स्नेअरचा आवाज दोन माइकमध्ये मागेपुढे पोचतो आणि ऐकताना तो पोकळ, पातळ लागतो. बरोबर बसलं की एकदम भरीव होतो. आणि माइक लावण्याआधी ड्रम सुरात आणा. सैल पडलेलं कातडं कुठलाही माइक सुधारत नाही.

गिटारला तालमीत जेवढा डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा करणारा इफेक्ट) लावता त्याहून कमी लावा. खोलीत एकट्याने वाजवताना जे जाड वाटतं ते रेकॉर्डिंगवर चिखल होतं. जाडी हवी असेल तर तोच भाग दोनदा वाजवा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. कॉपी-पेस्ट चालत नाही, खरंच दोनदा वाजवावं लागतं, कारण दोन टेकमधल्या बारीक फरकामुळेच रुंदी येते. ॲम्पसमोरचा माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे बोटभर सरकवत जा. आवाज तीक्ष्णपासून गोल होत जातो. आवडेल तिथे थांबा आणि चिकटपट्टीने खूण करा. गिटारचा कोरा सिग्नलही सोबत रेकॉर्ड करून ठेवा, पुढे ॲम्प बदलावासा वाटला तर कामी येतो. बेस सरळ इंटरफेसमध्ये चालतो.

रेकॉर्डिंगची पातळी लाल दिव्याजवळ नेऊ नका. २४ बिटवर काम करत असाल तर सगळ्यात जोराचा ठोकाही उणे दहा डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही.

गाण्यासाठी सगळ्यात चांगला दिवस राखून ठेवा. शब्द पाठ हवेत. कागद हातात असला की मान खाली जाते आणि आवाज दबतो. हेडफोनमध्ये गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कसा हवा ते त्याला विचारा: फार मोठा असला तर तो दबकत गातो, फार लहान असला तर ओरडतो. पूर्ण गाण्याचे तीन-चार टेक घ्या आणि मग ओळीओळीने निवडा. पहिला टेक कधीही पुसू नका. सुरात थोडा कमी असतो, पण बऱ्याचदा भाव त्यातच असतो. यासाठी मागे गादी आणि बाजूला जाड चादरी टांगल्या की बेडरूमही पुरते.

डेमोच्या प्रेमात पडलात तर

हे प्रत्येकाला होतं. महिनोन्महिने डेमो ऐकल्याने कान त्यालाच गाणं समजतात आणि नवं रेकॉर्डिंग परकं वाटतं. यावर माझा उपाय: पहिला डेमो आणि नवं रेकॉर्डिंग सारख्या आवाजाच्या पातळीवर आणून, आठवडाभराच्या खंडाने, बाहेरच्या एका माणसासोबत ऐका. तेव्हा कळतं की सवयीमुळे डेमो बरा वाटतोय की त्यात खरंच काही जास्त आहे.

खरंच जास्त असेल तर ते सरळ उचला. द हू या बँडच्या 'बाबा ओरायली' (१९७१) मधला तो फिरत राहणारा ऑर्गन त्यांचा गिटारिस्ट पीट टाउनशेंडच्या घरच्या डेमोतलाच आहे. बँडने त्यावर वाजवलं. तुमच्या मोबाईलमधली गिटारही अशी सुरुवातीला ठेवता येते आणि मग बँड आत शिरतो.

बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' तर या सगळ्याचा धडाच आहे. १९६६ मध्ये स्पेनमधल्या अल्मेरियात चित्रपटाच्या शूटिंगला गेलेला असताना जॉन लेननने ते गिटारवर रचायला घेतलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याचं एक हळुवार रूप झालं, आणि नंतर ट्रम्पेट-चेलो घेऊन दुसरं जोरकस रूप. लेननला पहिल्याची सुरुवात आवडत होती आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. दोन्हींची पट्टी वेगळी, वेग वेगळा. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि इंजिनियर जेफ एमरिक यांनी एका टेपचा वेग वाढवून आणि दुसरीचा कमी करून ती जोडली. जोड साधारण एक मिनिटावर आहे, सांगितल्याशिवाय कळत नाही. डेमोपासूनचे हे सगळे टप्पे १९९६ मध्ये 'अँथॉलॉजी २' मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. एक संध्याकाळ काढून क्रमाने ऐका. कुठला सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलाय तेवढंच शोधत ऐका.

मिक्सिंग

मिक्सिंग म्हणजे सगळ्या ट्रॅकचा तोल साधून त्यांचं एक गाणं करणं. ते दुसऱ्या कोणाकडून करून घेणार असाल तर त्याला दुसरा डेमो आणि तुम्हाला आवडणारी एक-दोन गाणी नमुना म्हणून द्या. "पंच पाहिजे" असं सांगू नका. "दुसऱ्या ध्रुवपदात ड्रम अंगावर यायला हवा" असं सांगा.

स्वतः करणार असाल तर सुरुवात फक्त पातळ्यांपासून करा. एकही इफेक्ट न लावता ड्रम, बेस आणि आवाज यांचा तोल जमवा. तो जमला नाही तर पुढचं काही जमत नाही. मग गिटारच्या आवाजातला खालचा (खर्जाचा) भाग ईक्यूने, म्हणजे खर्ज-तार कमीजास्त करायच्या साधनाने, कापा, बेस आणि किकला जागा होते. एकटी ऐकली की ती गिटार किरकोळ वाटेल, बँडमध्ये बरोबर लागेल. आमच्या फेरीबोटीच्या गाण्यात एवढ्यानेच शब्द वर आले, आवाज वाढवावाच लागला नाही. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज) जपून, विशेषतः शब्दांवर. कारमध्ये ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, आणि अगदी लहान आवाजात ऐका. लहान आवाजात ध्रुवपद मोठं वाटलं तर मिक्स बरं आहे.

मास्टरिंग हे शेवटचं पॉलिश, ते शक्यतो मिक्स न केलेल्या माणसाकडून करून घ्या. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं माप) या पातळीवर आणून वाजवतं. म्हणजे चेपून चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच येतं आणि चेपल्याची खूण तेवढी राहते.

प्रसिद्ध करण्याआधी

भारतीय कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, पण कोणाचा किती वाटा हे कागदावर असलं पाहिजे. तालमीत रिफ कोणी आणला, शब्द कोणी बदलले, हे तारखेसकट लिहा आणि चौघांनी सह्या करा, मैत्री कितीही जुनी असली तरी. मोबाईलमधल्या जुन्या फाईली इथे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतात. शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासदत्व घेता येतं. गाणं ॲपवर चढवणाऱ्या वितरकाकडून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी, म्हणजे ओळखीचा क्रमांक, मिळतो, तो जपून ठेवा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे म्हणून राहून जातं. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेव्ह फाईल म्हणून बाहेर काढा, म्हणजे पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळे एका ओळीत लागतील. पहिला डेमो, दुसरा डेमो, वेग-पट्टीचा कागद आणि सह्यांचा कागद त्याच फोल्डरमध्ये ठेवा. त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी बँडमधल्या दुसऱ्या कोणाच्या घरी, आणि डिस्क पावसाळ्यात उघड्या कपाटात ठेवू नका.